होल्यांची डोणी

आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक दगडी डोणी आहे. काळ्या दगडात कोरलेली, लांबट, उथळ. माझ्या आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती आणि ती या डोणीत पाणी प्यायची. डोणीचा एक नियम आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आला. ती रिकामी करायची नाही. पाणी कमी झालं की वरून भरायचं. मागून येणाऱ्या कळपाला पाणी दिसलं पाहिजे, हा त्यातला विचार. डोणी पालथी घातली म्हणजे त्या घरातली मेंढरं संपली, नाहीतर कुणी माणूस गेलं, असं लोक समजायचे.

आजोबांनी शेवटची मेंढरं विकली त्या दिवशी वडिलांनी आणि काकांनी मिळून डोणी पालथी घातली. पुढं कित्येक वर्षं तिच्या पाठीवर कपडे धुतले जात. मी रांगायला लागले तेव्हा मायनं ती पुन्हा सुलटी करून घेतली. मेंढरं नाहीत तर पाखरं पितील, असं म्हणाली.

तेव्हापासून पुढची कैक वर्षं डोणीत पाणी नाही असा दिवस मला आठवत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं हे जालना जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. टँकर कधी येतो, कधी येत नाही. भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपड्याचं पाणी अंगणात मारायला. पण डोणीसाठीचा तांब्या माय आधी बाजूला काढायची. ओतून टाकायची गोष्ट तर सोडाच. पाखरं पीत असलेलं पाणी ओतायचं, ही कल्पनाच तिला सहन झाली नसती.

डोणीवर सगळी पाखरं यायची, पण माय तिला होल्यांची डोणी म्हणायची. कबुतराच्या कुळातले, पण बारीक अंगाचे, विटकरी रंगाचे होले. नर मान खाली-वर करत मादीमागं चालायचा, त्याला माय ‘जावई’ म्हणायची. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीतले पारवेही घोळक्यानं उतरत. ओसरीच्या वाशाला माय दरवर्षी ज्वारीच्या कणसांचा झुबका टांगायची. कणसं टिपायची, डोणीवर पाणी प्यायचं, निंबावर बसायचं. मी याच आवाजात अभ्यास केला.

भिंतीपलीकडं काकू राहते. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मूलबाळ झालं नाही. मधल्या भिंतीला एका जागी माणूस वाकून जाईल एवढं भगदाड आहे. ते मुद्दाम ठेवलं की पडलं, कुणाला ठाऊक नाही. वाटी, विस्तव, विरजण, भांडण, सगळं त्यातूनच जायचं-यायचं. दहावीनंतर मला जालन्याच्या कॉलेजात पाठवायचं की नाही, यावरून घरात बरेच दिवस घोळ चालला. सकाळच्या गाडीला मी गेले तर रानात जाणाऱ्या मायच्या भाकरी कोण करणार, हा खरा प्रश्न होता. काकू भगदाडातून आत आली आणि म्हणाली, “शिकू द्या तिला. भाकरी मी बडवते.” आणि बी.एस्सी. होईपर्यंत ती रोज सकाळी आमच्या चुलीपुढं बसली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्या पदवीत काकूच्या हाताचा वाटा किती, हे मला दर सकाळी पोत्यावर बसलेली तिची पाठ आठवली की कळतं.

पुढं मी तपासणीचा कोर्स केला आणि नवीन जालन्यातल्या एका लॅबमध्ये कामाला लागले. रक्त, लघवी, थुंकी. गावात मला डाक्टरीन म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले.

हे सगळं नीट चालू असताना, दोन उन्हाळ्यांपूर्वी, होले मरायला लागले.

पहिला होला डोणीच्या कडेला सापडला. उन्हानं मेला असेल, असं माय म्हणाली. मग एक निंबाखाली, एक न्हाणीच्या पत्र्यावर. मरायच्या आधी ते विचित्र वागायचे. अंग फुगवून बसत, चोच अर्धवट उघडी. जवळ गेलं तरी उडत नसत. दाणा उचलायचे, चोचीत फिरवायचे आणि टाकून द्यायचे. पुन्हा तोच दाणा. मायला वाटलं, त्यांची भूक मेली. तिनं डोणी काठोकाठ भरायला सुरुवात केली, कणसांचा दुसरा झुबका टांगला. आणि आसपासचे होले आमच्याच अंगणात गोळा होऊ लागले.

त्याच आठवड्यात काकूनं मागच्या हंगामातलं उरलेलं बाजरीचं बियाणं उन्हात टाकलं होतं. कंपनीचं बियाणं, औषध चोळलेलं, गुलाबी. आमच्या भागात ते ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. जिल्हाच बियाण्यांचा. गुलाबी दाणा तोंडात घालायचा नाही, हे लेकरांना चालायच्या आधी कळतं. मायनं एक होला काकूच्या पोत्याजवळ बसलेला पाहिला. दुसऱ्या सकाळी दोन मेले.

मी कामावर निघायच्या तयारीत होते. माय मेलेला होला पंखाला धरून भगदाडातून गेली आणि तो काकूच्या ओट्यावर ठेवला.

“हे बघ. तुझ्या बियाण्याची कमाई.”

काकू कोंबड्यांना कोंडा घालत होती. “बाई, माझं बियाणं झाकून हाय. वर साडी टाकलीय.”

“झाकून हाय, मंग हे कशानं मेलं? उपासानं?”

“माझ्या कोंबड्या दिवसभर हितंच फिरून राह्यल्या. एक तरी मेली का?”

“तुझ्या कोंबड्या तुझ्यावानीच. त्यांला काय होतंय!”

काकू हसली. खरं म्हणजे इथं भांडण संपायला हवं होतं. या दोघींची भांडणं अशीच संपायची, कुणीतरी हसलं की. पण माय रात्रभर झोपली नव्हती. काकूचं हसू तिला लागलं. ती म्हणाली, “हस. ज्याच्या घरात पाळणा हाल्ला न्हाई, त्याला पिलाच्या जिवाचं काय कळायचं.”

हे वाक्य मी भगदाडाच्या या बाजूला उभी राहून ऐकलं. काकूनं हातातला कोंडा खाली ठेवला. होला उचलला, परत मायच्या हातात दिला. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा भगदाडावर पलीकडून पत्रा लावलेला होता, खाली दगड रचलेले होते.

मायनं पत्रा पाहिला आणि म्हणाली, “बराबर. चोराच्या मनात चांदणं.” पण त्या दिवशी ती जेवली नाही.

मलाही बियाण्याचंच खरं वाटत होतं. पण एक गोष्ट टोचत होती. पत्रा लागल्यावर काकूनं बियाणं उचलून घरात नेलं होतं आणि होले तरीही मरत होते. विष खाल्लेलं पाखरू तडफडतं, लगेच जातं. हे मात्र दिवसेंदिवस वाळत होते. हातात घेतलं तर छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. एक होला मी कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवला. डालगं काकूचंच, भांडणाआधी मागून आणलेलं. माय त्याला ओंजळीतून पाणी पाजत होती. पाणी चोचीतून परत ओघळत होतं, चिकट तारेसारखं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चपलांच्या खोक्यात घातलं, खोक्याला भोकं पाडली आणि जीपमध्ये बसले. शेजारच्या बाईनं भोकातून आत पाहिलं.

“डाक्टरीन, आता होल्याची लघवी तपासती का काय?”

“आजारी हाय, मावशी.”

“सोडून दे गं, जल्दी मरंल बिचारं. न्हाईतर माझ्या नवऱ्याला तपास. त्यो बी दाना उचलून टाकून देऊन राह्यला.”

जीप हसली. मीही हसले. खोकं मांडीवर गरम लागत होतं.

लॅबमध्ये सरांनी आधी नको म्हटलं. “इथं माणसं येतात गं. पाखरू कुठं आणलंस?” मी म्हटलं, सगळे नमुने झाल्यावर, मागच्या खिडकीपाशी, वेगळी काच घेऊन बघते. शेवटी ते म्हणाले, हातमोजे घाल. मी होल्याच्या घशातून ओली कापसाची काडी फिरवली, सलाईनचा थेंब काचेवर घेतला, त्यात ती टेकवली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

जे दिसलं ते मला ओळखीचं होतं. लघवीच्या नमुन्यात कधीकधी दिसणारा परजीवी असतो. एका टोकाला निमुळता, अंगावर केसासारखे बारीक धागे, आणि चाल अशी की सरळ जातच नाही, झटके देत जागच्या जागी वळवळतो. तसाच. त्याच्याच कुळातला. एक-दोन नाही, सगळं काचेवरचं पाणी हलत होतं. मी सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “हा पाखरांचा. माणसाला होत नाही. पण हे माझं काम नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात जा.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी होल्याची चोच दोन बोटांनी उघडली आणि मला आत बघायला सांगितलं. घशात पिवळट गोळा होता, खरवसाच्या तुकड्यासारखा. त्याला गिळताच येत नव्हतं. भूक मेली नव्हती. दाणा टाकत होता तो यामुळं. डॉक्टर म्हणाले, त्यानं टाकलेला ओला दाणा दुसरा उचलतो. आजारी होला पाणी प्यायला चोच बुडवतो तेव्हा लाळ पाण्यात उतरते. आणि होले-पारवे पिलांच्या चोचीत चोच घालून आपल्या गळ्यातलं दूध भरवतात, तेव्हा तर जंतू सरळच पिलात जातो.

“पाणी कुठं पितात?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्या अंगणात. डोणी आहे.”

“कधी वाळते का?”

प्रश्न साधा होता. आमच्या घरात त्याचं उत्तर अभिमानानं सांगायची पद्धत होती.

“ओलीत जगतो हा,” ते म्हणाले. “उन्हात खडखडीत वाळलं की मरतो. रानातल्या पाखरांना गोळी कशी देणार? पाण्यात औषध टाकू नका, कोण किती पितं काही हिशेब नसतो. डोणी रिकामी करा, घासा, वाळू द्या. दाणे बंद. आजारी पाखरं दिसायची थांबेपर्यंत त्यांना एका जागी जमू देऊ नका.”

मी खोकं उचललं तेव्हा होला आत मेलेला होता.

परतीच्या जीपमध्ये मी एकच विचार करत होते. काकूचं बियाणं सुटलं, हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. पण ते सुटलं की दोष कुठं जाऊन बसत होता, हे मला दिसत होतं. मायनं उभ्या आयुष्यात देवळात कधी फार केलं नाही. तिचं जे काही पुण्य होतं ते त्या डोणीत होतं.

मी तिला ओसरीवर बसवून सांगितलं. शक्य तितक्या हळू. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “पाणी पाजून कुणी मरतंय का?”

“पाण्यानं नाही माय. पाण्यातल्या जंतूनं. तो आजारी होल्यांच्या लाळेतून येतो.”

“म्हंजी मी मारले?”

“तुला काय माहीत होतं?”

“मी म्हाईत व्हतं का न्हाई ते इचारत न्हाई. मी मारले का?”

मी डोणी पालथी घालायचं बोलले. ती उठून आत गेली आणि आतून म्हणाली, “चैताचं ऊन हाय. पाण्यावाचून मरतील ते. मंग कोनच्या दवाखान्यात नेशील?”

वडिलांना विचारलं. ते एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये जातात, दुपारच्या पाळीला निघाले होते. म्हणाले, “माझ्या बापाची डोणी हाय ती. एकदा घातली पालथी. मला म्हाईत हाय कसं वाटतंय. दुसऱ्यांदा मी हात लावनार न्हाई.” आणि मोटारसायकलला किक मारली.

मी घासायला गेले तर मायनं माझ्या हातातला काथ्या काढून घेतला. मी रागावले नाही. शिकलेल्या लेकीनं घरात येऊन आईचं सगळं चूक ठरवायचं, हे मला स्वतःलाच नको होतं. पण पत्रा तसाच होता. माय काकूचं नावही घेत नव्हती, आणि बियाण्याचंही नाही.

शेवटी तिला पटलं ते माझ्यामुळं नाही. ओसरीच्या पत्र्याखाली, विजेच्या मीटरच्या पेटीवर होल्यांचं घरटं होतं. चार काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, होल्यांचं घरटं असतंच तसं गबाळं. त्यात दोन पिलं. माय रोज त्यांच्याकडं बघायची. मादी डोणीवर पाणी पिऊन यायची, पिलू तिच्या चोचीत पार डोळ्यांपर्यंत तोंड खुपसायचं. एका सकाळी एक पिलू घरट्याच्या कडेवर मान टाकून लोंबत होतं. मायनं स्टूल घेतलं, त्याला खाली काढलं, आणि मला न विचारता त्याची चोच बोटांनी उघडली. मी तिला चोचीत काय दिसतं ते सांगितलं होतं. तिनं उन्हाकडं धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग पदर खोचला. “चल. पहार आन.”

डोणी आम्हा दोघींना हलेना. मी पहार घातली, मायनं खांदा लावला. पाणी हिंदकळलं, डोणी होती तिथंच राहिली. मी म्हटलं, गल्लीतून कुणाला तरी बोलावते.

“नको,” माय म्हणाली. “थांब.”

ती पत्र्याकडं गेली नाही. फाटकातून बाहेर पडून, रस्त्यानं फिरून काकूच्या दारात गेली. नात्यातल्या घरी पाहुण्यासारखी. मी पत्र्यापाशी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“काय?” काकूचा आवाज.

“डोणी पालथी घालायची हाय. दोघींला उचलंना.”

पलीकडं कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. मग काकूनं घाबरून विचारलं, “कोन गेलं?”

“कोन न्हाई गेलं. होले बियाण्यानं मरत न्हवते. माझ्या पाण्यानं मरून राह्यले. पोरीनं तपासून आनलं.”

“माझ्या बियाण्यानं न्हाई, हे मला म्हाईत व्हतं.”

“व्हय.”

“आन् दुसरं जे बोल्लात?”

मी पत्र्याला हात लावला. पत्रा तापला होता. मला वाटलं, आता माय म्हणेल, चुकलं. ते एक वाक्य तिच्याकडं असायलाच हवं होतं. पण माझ्या मायला ते येत नाही. ती म्हणाली, “चल म्हनते. ऊन चढून राह्यलं.”

काकू आली. तीही रस्त्यानंच आली. पहारीखाली दगड सरकवला, माझ्याकडं बघितलं, “तू त्या टोकाला धर, बोटं सांभाळ,” एवढंच म्हणाली. तिघींनी मिळून जोर लावला. डोणी आधी कलली, मग पाणी एकदम सुटलं आणि अंगणभर पसरलं. तळाला हिरवा, बुळबुळीत थर होता. माय त्या वाहत्या पाण्याकडं पाहत होती, तांब्या हातात घेऊन, जणू काही भरून घेता येईल. मी काथ्यानं डोणी घासली, काकूनं राख आणून दिली. मग आम्ही ती पालथी केली. वर्षांनुवर्षं मातीत असलेली तिची पाठ उन्हात आली. कपडे आपटून गुळगुळीत झालेला भाग अजून तसाच होता.

मी म्हटलं, “काकू, चहा टाकते.”

“नको गं. कोंबड्या उघड्या हायत,” ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडून रस्त्यानं घरी गेली.

दुपारी होले आले. डोणीच्या पाठीवर उतरले, इकडून तिकडं चालले, कडेवरून वाकून खाली पाहिलं. ओल्या मातीत चोची घालायला लागले. मी टाळ्या वाजवून उडवले. ते निंबावर बसले, पुन्हा उतरले. माय ओसरीवर भिंतीकडं तोंड करून निवडत बसली होती. कणसांचे झुबके तिनं आधीच उतरवून ठेवले होते. सूप हातात होतं, पण त्यातली डाळ तिची सकाळीच निवडून झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. पत्र्यापलीकडून आवाज आला.

“बाई.”

मायनं मान वर केली. इतक्या दिवसांत त्या बाजूनं तिला कुणी हाक मारली नव्हती.

“बाई, ऐकून राह्यल्या का? होले माझ्या दारी आले. कोंबड्यांच्या पाण्यावर बसून राह्यलेत. लई जन हायत. एक तर चोच उघडी टाकून बसलाय. काय करू?”

माय उठून पत्र्याजवळ गेली. पत्रा होता तिथंच होता, दगडही तसेच. तिनं तोंड पत्र्याजवळ नेलं.

“कोंबड्या कोंड,” ती म्हणाली. “पानी वतून दे. भांडं उन्हात घाल.”

“वतू?”

“वत.”

“आन् ह्यांला?”

“हाकल.”

पलीकडं पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग काकूच्या टाळ्या, “हुर्र, हुर्र.” होले पत्र्यावरून उडून आमच्या अंगणात आले, पालथ्या डोणीवर बसले. माय त्यांच्याकडं वळली. दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली. पहिली नीट वाजलीच नाही. मग तिनं पुन्हा वाजवली, मोठ्यानं. होले उडाले, भिंतीपलीकडं गेले, आणि तिकडून काकूचा आवाज आला, “हुर्र!”